चार नंबरच्या उशीवरून

नाही, शिडी नको, मॅडम — शिडीवरून काही कळायचं नाही. वर चढून टेप लावलात तर तुम्हाला नुसते पांढरे डाग दिसतील, लांबट, तिरके, आणि मग तुम्ही त्या चौकशीच्या फायलीत लिहाल की तक्रार खरी आहे, तारे अंड्यांसारखे दिसतात. दिसतातच. मी कुठे नाही म्हणतोय? पण हे चढून बघायचं काम नाही, झोपून बघायचं काम आहे. हा हाडांचा वॉर्ड आहे — आठ खाटा, आठ बायका, कुणाची कंबर, कुणाचा मणका, कुणी तीन महिने, कुणी सहा महिने, पाठीवर पडून. त्यांच्यासाठी हे छत रंगवलंय. तुमच्या इंजिनिअर साहेबांसाठी नाही. ते त्या दारात उभे राहिले, मान वर केली, अर्धं मिनिट बघितलं आणि म्हणाले, आम्ही मंजूर केलेलं चित्र हे नाही. बरोबर म्हणाले. नाहीच आहे. तुम्ही बसा ना. चार नंबरच्या खाटेवर बसा, तिथल्या आजींना एक्स-रेला नेलंय, अर्धा तास तरी येत नाहीत. चपला काढल्या नाहीत तरी चालेल.

तुमच्या कागदावर माझ्या नावापुढे काय लिहिलंय — रंगारी? बघा. मी रंगारी नाही. मी आरेखक. नकाशांच्या कचेरीत एकतीस वर्षं काढली, आणि जमिनीचे नकाशे नव्हेत, ताऱ्यांचे. जहाजांवर जायचे, शाळांत जायचे, भिंतीवर लावायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. निवृत्त झालो तेव्हा एक घड्याळ मिळालं आणि ते बंद पडलं, ते जाऊ द्या. सांगायचं काय, की गोल आकाश सपाट कागदावर उतरवायचं म्हणजे काय भानगड असते ते मला विचारा. टोपी घ्या आणि टेबलावर दाबून सपाट करा. होते का? कुठेतरी चुणी पडते, कुठेतरी फाटते. आकाशाचं तसंच. मग तुम्ही ठरवायचं की चुणी कुठे पाडायची — त्या ठरवण्याला प्रक्षेपण म्हणतात, एवढंच, बाकी सगळं त्रिकोणमिती. कुणी आकार सांभाळतं आणि मापं सोडतं, कुणी मापं सांभाळतं आणि आकार सोडतं. दोन्ही सांभाळणारं प्रक्षेपण अजून कुणाला सापडलेलं नाही आणि सापडणारही नाही, हे मी सांगत नाही, हे गणित सांगतं.

तर रुग्णालयाच्या समितीपुढे मी तीन नमुने ठेवले होते. तुमच्या फायलीत असतील, निळ्या शाईतले. पहिला आयताकृती, शाळेत जगाचा नकाशा असतो तसा — त्यात ध्रुवाजवळचे तारे असे ताणले जातात की ओळखू येत नाहीत. दुसरा मंजूर झालेला, गोल — छताच्या मध्यावर एक मोठं वर्तुळ, त्यात सगळं आकाश, डोक्यावरचं मध्ये आणि क्षितिज कडेला. छान दिसतो. इंजिनिअर साहेबांनी लगेच चूक काढली, म्हणाले पूर्व-पश्चिम उलटी झालीय. मी म्हटलं, साहेब, नकाशा टेबलावर ठेवून बघताय, जरा डोक्यावर धरा. धरला. मग हळूच खाली ठेवला. त्या वर्तुळावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि का झालं माहितेय? कारण ते आठही खाटांवरून सारखंच दिसतं. म्हणजे आठही खाटांवरून सारखंच चुकीचं दिसतं. पाठीवर पडलेल्या माणसाला आकाश असं ताटासारखं नाही दिसत हो, ते सगळीकडून अंगावर येतं. पण सारखं चुकीचं असलं की तक्रार येत नाही. समितीला तेवढंच हवं असतं. मी सही केली. हो, माझीच सही आहे ती, उगाच बोट ठेवून दाखवू नका.

आणि मग रंगवला तिसरा.

विसरलो नाही, गोंधळलो नाही, वयानं काही झालं नाही. तुम्ही खुलाशात तसं लिहायला सुचवताय, तुमचा हेतू चांगला आहे, पण तसं झालेलं नाही. वॉर्ड नऊ दिवस रिकामा होता, बायकांना खालच्या मजल्यावर नेलं होतं, आणि मी पहिल्याच दिवशी एक खिळा घेतला आणि एक दोरा घेतला. आता टेका मागे. टेका, टेका, उशीवर डोकं ठेवा — फाईल राहू द्या पोटावर. तुमचा डोळा आत्ता जिथे आहे ना, तिथे मी खिळा उभा केला होता, लाकडाच्या ठोकळ्यावर. तिथून छत बरोबर आठ फूट. खिळ्याला दोरा बांधला, आणि खरा तारा ज्या दिशेला, ज्या उंचीवर असतो त्या दिशेला दोरा ताणला — जिथे छताला टेकेल तिथे खूण. एकेक करून. चारशे बारा खुणा. थंडीतलं आकाश, संध्याकाळी आठचं. कृत्तिका अगदी डोक्यावर, दिसल्या? पायाच्या बाजूला मृग. व्याधाला जागा उरली नाही, तो खिडकीच्या भिंतीत गेला, त्याचं मलाही वाईट वाटतं. डाव्या हाताला दूर, दोन नंबरच्या खाटेवर, तो एकटा — तो ध्रुव.

आता सांगा, अंडी दिसतात का?

नाही दिसत. गोल दिसतात. कारण तिकडे लांबवर एकेक ठिपका मी बोटभर रुंद आणि तीन बोटं लांब काढलाय, म्हणजे इथून तिरका बघितला की तो गोल होतो. डोळ्याच्या जागेवरून सरळ रेषा काढायच्या आणि सपाटावर उतरवायचं, ही सगळ्यात जुनी रीत. एका बिंदूवरून शंभर टक्के खरी. शंभर टक्के — मॅडम, हे छत नाही, भोक आहे छताला, इथून. आणि तो बिंदू सोडला की जसजसे लांब जाल तसतसं सगळं फाकत जातं. क्षितिज तर कधी येतच नाही, हा वॉर्ड पुढच्या गावापर्यंत बांधला असता तरी आलं नसतं. ही त्या रितीची किंमत. मला माहीत होती. एकतीस वर्षं माहीत होती.

चार नंबरच का? सहज. कुठलातरी धरायचाच होता. खिडकीजवळ होता, उजेड बरा होता —

बरं. तुम्ही रजिस्टर बघितलेलंच दिसतंय. मग विचारता कशाला? हो, ताई. माझी मोठी बहीण. आडनाव तेच, तिनं लग्न केलं नाही. माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी, आणि मला त्या कचेरीत चिकटवलं तिनंच. ती गणितांच्या खोलीत होती. ती आकडे काढायची आणि मी त्या आकड्यांवर ठिपके द्यायचो — माझ्या हातून निघालेल्या प्रत्येक नकाशाचे आकडे तिचे. आणि आमचं भांडणही त्याच एका गोष्टीवरून, तीस वर्षं, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून. मी म्हणायचो, नकाशाला एक तरी जागा अशी हवी की जिथे तो खरा असेल, अगदी तंतोतंत, मग कडेला काय व्हायचं ते होऊ दे. ती म्हणायची, कडेलाही कुणीतरी राहतं. ती म्हणायची, चूक टळणार नसेल तर सगळ्यांना सारखी वाटून द्यावी. वाटण्या करायची तिला सवयच, लहानपणी खाऊसुद्धा पट्टीनं मोजून द्यायची. हसू नका, खरंच पट्टीनं.

गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली. कंबर. एकटी राहायची, दोन खोल्यांत. तीन महिने म्हणाले, चार झाले, मग डॉक्टर म्हणाले आता घरी नेलंत तरी चालेल, कुणीतरी लक्ष द्यायला हवं फक्त. आता माझं घर तिसऱ्या मजल्यावर, मॅडम. लिफ्ट नाही. तीन जिने, प्रत्येकी अठरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. कंबर मोडलेलं माणूस कसं चढवणार? तुम्हीच सांगा. मी डॉक्टरांना तेच सांगितलं, त्यांनाही पटलं, राहू दे म्हणाले. सुनेला काय वाटलं असतं — म्हणजे सून काही बोलली नाही, तिला विचारलंच कुठे मी. घर लहान आहे. माणसं चार. आणि इथे रोज येतच होतो ना मी, एक दिवस चुकवला नाही, मोठ्या सिस्टरना विचारा. येऊन त्या स्टुलावर बसायचो आणि ती वर बघत बोलायची, कारण कूस बदलता येत नव्हती. छतावर तेव्हा ओलीचे डाग होते. म्हणाली, हे डाग पाठ झालेत रे मला, डोळे मिटून काढून दाखवीन. तेव्हा डोक्यात आलं. कमरेला काही करता येत नव्हतं, छताला येत होतं.

तिच्या खोल्या सोडायला लागल्या त्या मधल्या काळात. सामान फार नव्हतं. भांडी वाटली, पुस्तकं शाळेला दिली. एक टेबल होतं, ज्याच्यावर ती गणितं करायची, सागवानी, खाली कप्पे, पितळी कड्या — ते टाकवेना. ते घरी नेलं मी. वाटलं जिन्याच्या वळणावर अडकेल, पण नाही अडकलं, दोन हमाल होते, दहा मिनिटांत चढवलं वर. चांगलं वजनदार टेबल, ताईच्या दुप्पट तरी —

चढलं. सांगतोय काय मी. टेबल चढलं.

हं.

तुम्ही लिहू नका हे. याचा छताशी संबंध नाही. आणि असं बघू नका माझ्याकडे, वर बघा, वर बघण्यासाठी निजवलंय तुम्हाला. मला काय म्हणायचंय, की मी चार नंबरच्या उशीवरून छत रंगवलं ते माझ्या बहिणीसाठी रंगवलं, आणि बाकीच्या सात जणींचा विचार केला नाही. हे लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. मला लाज वाटत नाही त्याची. जगातले सगळे नकाशे कुणाच्या तरी उशीवरूनच काढलेले असतात, फक्त ते कबूल करत नाहीत.

काय म्हणाली ती? तेच तर. मला वाटलं होतं रडेल. निदान हात तरी धरेल. दहाव्या दिवशी त्यांना वर आणलं, तिला इथे ठेवलं, चाकं लॉक केली, मी स्टुलावर. ती बघत राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग म्हणाली, “उंची किती धरलीस?” मी म्हटलं आठ फूट. “उशी धरून?” “उशी धरून.” मग म्हणाली, “आणि त्या आठ नंबरवालीला काय दिसतंय?” ते तिकडे, समोरच्या रांगेत, अगदी लांबचा कोपरा. मी म्हटलं, थोडं ताणलेलं दिसत असेल. “थोडं?” — एवढंच. आणि डोळे मिटून घेतले. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ज्या माणसासाठी नऊ दिवस मान मोडून, डोळ्यांत रंग पाडून घेतला, त्या माणसानं डोळे मिटून घ्यायचे. मलाही राग येतो, मॅडम. मीही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी, मंगळवार होता, मी आलो तर चार नंबरवर तीन नंबरच्या शिंपीणबाई. पाय टांगलेला, तोंड उघडं, वर बघतेय. आणि ताई समोर पाच नंबरवर. मला वाटलं काहीतरी चुकलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, चुकलं काही नाही, तुमच्या ताईंनी ठरवलंय — दर मंगळवारी चार वाजता प्रत्येक खाट एक जागा पुढे. खाटांना चाकं आहेत. आठ आठवड्यांत सगळ्यांची चार नंबरवर एक पाळी येते. मी ताईकडे बघितलं. ती म्हणाली, “छत हलत नाही, तर खाटा हलवायच्या. साधं गणित आहे.” बघा म्हणजे. तीस वर्षांचं भांडण, आणि मी उशीवर खिळा रोवून जिंकलो असं समजत होतो, तर तिनं पडल्या पडल्या, कूसही न बदलता, वाटणी करून टाकली.

म्हणजे तक्रार खरी तिथून सुरू झाली, माहितेय मला. चहाची गोष्ट. खाटा हलल्या पण नंबर भिंतीवरच राहिले, आणि एका सकाळी साखरेचा चहा साखर बंद असलेल्या बाईंपुढे गेला. एक घोट घेतला त्यांनी. एक. आणि त्यांनीच आरडाओरडा केला, कप परत पाठवला, आणि त्याच दिवसापासून सिस्टरनी प्रत्येकीचं नाव खाटेच्या पायाशी अडकवलं. ते बघा, पुठ्ठे. तेव्हापासून कुणाचा चहा चुकला नाही, गोळी चुकली नाही. पण कागद वर गेला तो गेलाच, आणि कागद वर गेला की मूळ कारण शोधायला लागतात, आणि मूळ कारण काय तर छत. म्हणून तुम्ही आलात. शुक्रवारी तुमची माणसं रोलर घेऊन येणार, आणि त्याआधी मी लेखी द्यायचं की नजरचूक झाली.

ताई? हो, गेली. दोन महिने होतील. तुम्हाला रजिस्टरात दिसलं असेल.

तिची पाळी पुन्हा येणार होती चार नंबरवर. सगळा फेरा करून, आठ, एक, दोन, तीन — आली होती तीनपर्यंत. त्या सोमवारी एक नवीन बाई आल्या, बसमध्ये कंडक्टर होत्या, दोन्ही पाय गेलेले म्हणजे मोडलेले, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, कुणाशी बोलेनात. त्यांना जागा मिळाली होती सात नंबरची, म्हणजे मंगळवारी आठ नंबरवर जाणार. मंगळवारी चार वाजता ताई म्हणाली, माझी खाट आठवर न्या, त्यांना चारवर आणा. मी म्हटलं, ताई, तुझी पाळी आहे, मी आठ आठवडे वाट बघतोय. म्हणाली, “तू बघतोयस. मी नाही.” मीच ढकलली तिची खाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत. हलकी होती.

बुधवारी आलो तर आठ नंबरवर मजेत. डोळे उघडे, बोटांनी चादरीवर काहीतरी मोजतेय. आठ नंबरवरून म्हणजे सगळ्यात वाईट, मॅडम — सप्तर्षींतले उगवते दोन तारे आहेत तिथे, दोघांत माझ्या उंचीएवढं अंतर, आणि तारे कसले, काकड्या. मी म्हटलं, मान फिरवून झोप, इथून काय बघतेस. म्हणाली, “अरे, इथून तर मजा आहे. तिथून नुसतं आकाश दिसतं. इथून तू काय काय केलंयस ते दिसतं.” मग म्हणाली, “तो लांबचा तारा दोन बोटं अलीकडे आलाय. सव्वीस फुटांच्या पुढे तू दोरा सैल सोडलास.” मी म्हटलं शक्य नाही. ती म्हणाली, मोज. भांडलो आम्ही, चांगले अर्धा तास, शिंपीणबाई हसत होत्या. मी मोजलं नाही, वाजले होते पाच, निघालो. गुरुवारी सकाळी सिस्टरचा फोन.

मग मोजलं. सगळं आवरल्यावर, शिडी घेऊन. दोन बोटं अलीकडेच आहे.

दुरुस्त? नाही केला. करणारही नाही. आणि तुमच्या माणसांना त्याच्यावर रोलर फिरवू देणार नाही. चारशे बारांत एक चुकला आणि तो तिनं झोपून, नुसत्या डोळ्यांनी, कंबर मोडलेली असताना पकडला — ती सही आहे तिची, समजलात? आमच्या एकाही नकाशावर तिचं नाव नव्हतं. गणिताच्या खोलीतल्यांची नावं छापायची पद्धत नव्हती.

तर लिहा. पेन आहे ना? लिहा — सदर छत मी मंजूर नकाशा बाजूला ठेवून, पूर्ण शुद्धीत, जाणूनबुजून रंगवलं आहे. नजरचूक नाही. ते चार नंबरच्या उशीवरून खरं आहे, इतर ठिकाणांहून खोटं आहे, आणि त्यावरचा उपाय वॉर्डानं शोधलेला आहे. मी ते पुन्हा रंगवणार नाही आणि पुसायला संमती देणार नाही. पूर्ण शुद्धीत, हे शब्द राहू द्या. आणा, सही करतो. शुक्रवारी माणसं पाठवायची तर पाठवा, त्यांना आधी आठ बायका हलवाव्या लागतील, आणि त्या कंडक्टर बाई आता बोलायला लागल्यात — एकदा ऐका त्यांचा आवाज, पुढच्या दारापर्यंत जातो.

मी अजून का येतो? मंगळवार आहे आज. सिस्टर दोघीच असतात दुपारी. खाटा ढकलायला माणूस लागतं.

आल्या आजी, उठा आता, त्यांची जागा द्या त्यांना. आज तीन नंबरवाल्या इकडे येणार, त्या सकाळपासून वाट बघतायत. चार वाजले. मॅडम, खाट दुसऱ्या बाजूनं धरणार असाल तर ती फाईल खाली ठेवा. नाही? मग वाटेतून बाजूला व्हा.